दुसरा टाकला, चौथा पडला

खंबाटकी घाटाचा चढ. तिसऱ्यावरून दुसरा गिअर टाकला आणि पडला चौथा. इंजिन गुदमरून बंद पडलं, मागच्या ट्रकने हॉर्न दाबला. एका गॅरेजने गिअरबॉक्स उतरवायला सांगितला. दुसरीकडच्या मेकॅनिकने चाकाला दगड लावला, इंजिन बंद ठेवूनच गिअरचा दांडा डावी-उजवीकडे हलवून पाहिला आणि म्हणाला, "ताई, बॉक्स चांगलाय. बुश गेलाय."

बुश म्हणजे नायलॉनची किंवा रबराची, अंगठीएवढी कडी. १९५९ च्या मिनीनंतर लहान गाड्यांत इंजिन आडवं बसवून पुढची चाकं फिरवायची पद्धत रुळली. आपल्याकडे १९८३ च्या मारुती ८०० ने ती घरोघरी पोचवली. गिअरबॉक्स पुढे बॉनेटखाली गेला, दांडा मात्र आपल्या हाताशीच राहिला. मधलं अंतर सळया किंवा केबली जोडतात आणि त्यांच्या सांध्यांत हे बुश बसतात.

काम अवघड आहे. इंजिन रबरी माउंटिंगवर सतत डुलत असतं, दांडा बॉडीला पक्का. हाताची हालचाल पुढे जशीच्या तशी जायला हवी, पण इंजिनाची थरथर मागे यायला नको. बुश कडक असावा तर थरथर येते, मऊ असावा तर नेमकेपणा जातो. शर्यतीच्या गाड्यांत धातूचे बुश घालतात. गिअर खटकन पडतो, पण दांडा तळहातात गुणगुणत राहतो. रोज ऑफिसला जायच्या गाडीत ही हौस मला तरी पटत नाही.

झीज असते किती? समजा, दांडा टेकूच्या वर २० सेंटिमीटर आणि खाली ५ आहे. म्हणजे खालची अर्धा मिलिमीटर ढिलाई मुठीशी चौपट, दोन मिलिमीटर होते. असे चार सांधे झिजले की झाले आठ. दुसरा आणि चौथा दोन्ही मागेच ओढायचे. फरक फक्त आडव्या सरकण्याचा. ते सरकणं मुळातच थोडं, आणि तेच या ढिलाईत विरून जातं.

रबराला उष्णता, ऑक्सिजन आणि ओझोन खातात: ते कडक होतं, चिरतं. नैसर्गिक रबरावर खनिज तेल सांडलं तर फुगतं, म्हणून तिथे साधं ग्रीस फासू नये, सिलिकॉनचं लावावं. १९३५ मध्ये वॉलेस कॅरोदर्स यांच्या प्रयोगशाळेत जन्मलेलं नायलॉन तेलाला दाद देत नाही. ते घासून झिजतं, आणि बॉनेटखालच्या कोरड्या उष्णतेत वर्षानुवर्षं राहून ठिसूळ होतं.

नवा बुश खाचेत काही केल्या बसेना. मेकॅनिकने पोऱ्याला शेजारच्या टपरीवरून उकळतं पाणी आणायला पाठवलं. मला वाटलं, चहा येतोय. त्याने बुश त्या पाण्यात टाकला. थंड असताना नायलॉनमधल्या लांब रेणूसाखळ्यांचा बराच भाग जखडलेला असतो. गरम झाल्यावर त्या भागाला हालचालीची मोकळीक मिळते आणि न तुटता वाकता येतं. दोन मिनिटांनी पक्कडीने उचलून त्याने तो अंगठ्याने दाबला. टक्. थंड होताना बुश तिथेच पुन्हा कडक होणार होता.

जुना त्याने माझ्या हातावर ठेवला. भोक एका अंगाला ओढल्यासारखं, लंबगोल झालं होतं. डावीकडच्या अंगाला. रोज सकाळी पहिला टाकताना मी दांडा ढकलते, त्या बाजूला.