दोघांची झोप जुळली तर

पहाटे 4.30

धाकट्याचं रडणं एकदम सुरू होत नाही. आधी कुरकुर, मग मूठ चोखल्याचा चक् चक् आवाज, आणि मिनिटभराने खरा सूर. त्या मिनिटाच्या आत त्याला अंगावर घेतलं तर मोठी उठत नाही. मोठी म्हणजे अडीच वर्षांची. बाहेर हायवेवर हैदराबादकडे जाणारे ट्रक चालूच असतात. या रस्त्याला सरकारी कागदावर आता 65 नंबर आहे, सासूबाई अजून ‘नऊ नंबरचा रोड’च म्हणतात. त्या ट्रकांनी आमच्याकडे कुणाची झोप मोडत नाही. दुधाच्या पातेल्यावरचं झाकण पडलं की मात्र दोघंही जागी.

सकाळी 6.00

भाकरी थापताना मोठी काठवटीला चिकटून बसते. जोंधळ्याच्या पिठाचा गोळा तिलाही लागतो. दिला नाही तर ती माझ्या थापलेल्या भाकरीवर बोट उमटवते. हे सातला दुकान उघडतात. हायवेला टायर-पंक्चरचं दुकान, ट्रकवाले सकाळीच येतात. त्याआधी ते नळाचं पाणी भरतात आणि लेकीला गाडीवर पुढे बसवून वीरभद्रेश्वराच्या देवळापर्यंत चक्कर मारून आणतात. एवढ्यावर गल्लीत त्यांचं कौतुक होतं, “पोरीला किती बघतो बापडा!” पोरगी त्यांचीच आहे, हे म्हणायला मी तेवढ्यात मोकळी नसते.

सकाळी 8.00

हा तास आत्याबाईंचा. मी सासूबाईंना आत्याबाई म्हणते. त्या मोरीत पाय लांब करून बसतात, धाकटा त्यांच्या नडग्यांवर पालथा. आधी खोबरेल तेलाने पाठ, मांड्या, टाळू, मग चुलीवर तापवलेलं पाणी. त्यांचा हात असा फिरतो की लेकरू दोन तांब्यांतच गप्प होतं. या कामात माझा उपयोग फक्त टॉवेल धरायला. वाद मात्र आमचे ठरलेले आहेत. नाकात तेल सोडू नका, डोळ्यांत काजळ नको, असं डॉक्टरांनी सांगितलंय. त्यावर त्यांचं उत्तर असं, की तुझा नवरा याच काजळावर वाढला, त्याला कुठं चष्मा लागला? शेवटी काजळाचा टिळा कानामागे लागतो, आणि धुरीचं शेगडं खोलीबाहेर राहतं. बाळगुटीवर मी अडूनच बसले. सहा महिने अंगावरचं दूध, पाणीसुद्धा नाही. ते त्यांनी मान्य केलं, पण मनापासून नव्हे. जायफळ उगाळून ठेवलेली सहाण अधूनमधून ओट्यावर दिसते.

धाकटा पुसला जाईपर्यंत मोठी अंगातलं सगळं काढून उभी. तिलाही नडग्यांवरच झोपायचं असतं. मावत नाही. पाय मोरीबाहेर, डोकं आजीच्या पोटाशी. आजी म्हणते, “तू आता मोठी झालीस ना माय?”

हेच दिवसभर सगळे तिला ऐकवतात. दारात आलेली बाई आधी झोळीत डोकावते, मग तिच्याकडे वळून म्हणते, “तू ताई झालीस, आता हट्ट करायचा नाही.” शेजारच्या आपा दखनीत तेच म्हणतात, समोरच्या अव्वा कन्नडमध्ये तेच. साडेतीन महिन्यांपूर्वी हीच पोर घरातली सगळ्यात लहान होती. मला विचाराल तर धाकट्याचं सोपं आहे. त्याला दूध, कोरडं फडकं आणि झोप पुरते. मोठीला उत्तर द्यावं लागतं, आणि नेमकं तेव्हाच द्यावं लागतं जेव्हा माझे दोन्ही हात अडकलेले असतात.

सकाळी 10.00

गुरुवार म्हणजे आमच्या अंगणवाडीत लसीचा दिवस. गुरुवार दत्ताचाही, त्यामुळे मामा, म्हणजे सासरे, सकाळीच माणिकनगरला गेलेले. 1845 साली माणिकप्रभूंनी वसवलेलं ते ठिकाण आमच्या घरापासून एवढं जवळ, की धाकटा सव्वा महिन्यानंतर पहिल्यांदा उंबऱ्याबाहेर पडला तो तिथे जायलाच.

आज त्याची चौदाव्या आठवड्याची लस. घरातून निघायलाच तासभर गेला. छत्री, दुपटं, लंगोटांचा गठ्ठा, आणि कार्ड. आमच्या घरात दोन राज्यांची कार्डं आहेत. मोठीचा जन्म माझ्या माहेरी उमरग्याला, म्हणून तिचं मराठी. धाकटा इथे झाला, त्याचं कन्नड तायी कार्ड. मला कन्नड बोललेलं कळतं, वाचता येत नाही. सिस्टरला मराठी बोलता येतं, वाचायला ती कंटाळते. पण लसींची नावं आणि आठवडे दोन्हीकडे सारखेच, म्हणून मोठीचा दीड वर्षाचा बूस्टर इथे द्यायला काही अडलं नाही.

चौदाव्या आठवड्याला तीन सुया. डाव्या मांडीत पेंटाव्हॅलंट, म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब अशा पाचांवर मिळून एकच. उजव्या मांडीत न्यूमोनियाची, दंडावर पोलिओची बारीकशी. शिवाय तोंडातून पोलिओचे दोन थेंब आणि जुलाबावरची रोटा. पहिल्या सुईला धाकटा चकित झाला, दुसरीला पेटला. मोठी त्याच्याहून मोठ्यांदा रडली, आणि सिस्टरला ठणकावून म्हणाली, “बेडा! बेडा!” मराठीत तिला इतकं जोरात नको म्हणता येत नाही. सिस्टरने नेहमीचं सांगितलं. चोळू नका, हळद लावू नका, अर्धा तास इथेच बसा, ताप आला तर थेंब वजनाप्रमाणे.

बसायचंच होतं, तर जेवूनच निघाले. 2017 पासून ‘मातृपूर्ण’ योजनेत गरोदर आणि बाळंतिणींना अंगणवाडीत दुपारचं गरम जेवण मिळतं, बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत. अट एकच, तिथे येऊन खायचं. ही अट ज्याने काढली, त्याने बाळंतीण बघितलेली नसावी. जेवणाची खरी गरज असते तेव्हा, सव्वा महिन्याच्या आत, आमच्याकडे कोण तिला उंबरा ओलांडू देतं? आता जमतं. भात, सांबार आणि अंडं. अंडं मोठीने पळवलं.

दुपारी 2.00

इथे सगळा खेळ असतो. दोघांची झोप जुळली तर मला माझं काम करता येतं. मी घरीच पिको-फॉल करते, आणि श्रावण म्हणजे साड्यांचा महिना. पंचमी झाली, पुढे गौरी आहेत, पिशव्यांचा ढीग लागलेला. अडचण अशी, की मशीनच्या घरघरीत धाकटा गाढ झोपतो आणि मोठी त्याच आवाजाने उठते. मशीन थांबलं की उलट. म्हणून आधी हाताने टाके घालायचे, मोठी गाढ झोपली की मशीन. आज त्याच्या मांड्या दुखत होत्या, त्याला खाली ठेवताच येईना. झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून हलवत बसले, हातात फॉल. एक साडी पुरी झाली.

तेवढ्यात उमरग्याहून आईचा फोन. तिला लसीचं विचारायचं होतं. मोठीचं कुणीच विचारत नाही, म्हणून मीच सांगितलं, अंडं खाल्लं म्हणून.

संध्याकाळी 5.00

पावसात लंगोट वाळत नाहीत, ही श्रावणातली मुख्य बातमी. स्वयंपाकघरात दोऱ्या, खिडकीच्या गजांवर लंगोट, मामांच्या खुर्चीच्या पाठीवर लंगोट. आत्याबाई डायपरच्या कट्टर विरोधात आहेत. लेकराची मांडी फाकते, असं त्यांचं म्हणणं. पण त्यांच्याच खात्यात सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे 2000 रुपये जमा झाले, की मेडिकलमधून मोठं पाकीट त्याच आणतात आणि कपाटात मागे सरकवून ठेवतात. “बाहेर जायला लागतंय,” एवढंच म्हणतात.

रात्री 8.00

जेवणं, भांडी, मोठीची वरण-भाकर. भाकर कुस्करलेली चालत नाही, अख्खी हवी, आणि अख्खी दिली की कुस्करून हवी.

रात्री 1.30

धाकट्याला ताप चढला. थर्मामीटरवर 100 च्या वर. थेंब मोजून दिले, अंगावर घेतलं. दिवा लागला म्हणून मोठी उठून बसली.

“मला पण टोचलंय.”

“कुठं माय?”

तिने आधी मांडी दाखवली, मग दंड, मग पोट. तिच्या काखेत थर्मामीटर लावलं. साखरेचं पाणी करून ड्रॉपरने जिभेवर सोडलं. कडू लागल्यासारखं तिने तोंड केलं, आणि लगेच आणखी मागितलं. मग अंथरुणाच्या टोकाला झोपलेल्या बापाकडे बोट दाखवून म्हणाली, “अप्पाला पण.” हे डोळे न उघडता उठून बसले आणि तोंड उघडलं.