गोळी स्वस्त, देखरेख महाग

पोटरी दुखू लागली म्हणून सातारा-सांगलीकडचा माणूस सहसा लगेच डॉक्टरकडे जात नाही. तो तेल लावून पोटरी चोळून घेतो, रात्री वांब आला असेल अशी मनाची समजूत घालतो आणि तरीही दुखणे थांबले नाही तर कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून ‘दुखायची गोळी’ आणतो. बहुधा हे खपून जाते. कारण बहुतेक पोटऱ्या खरोखरच श्रमाने दुखत असतात. परंतु एकाच पायाची पोटरी सुजली, हाताला गरम लागू लागली आणि हे शस्त्रक्रियेनंतर, पाय प्लॅस्टरमध्ये असताना, बाळंतपणानंतर किंवा दीर्घ आजारात अंथरुणास खिळल्यावर घडले, तर खोलवरच्या नीलेत रक्ताची गुठळी झाल्याचा संशय घ्यावयास हवा. अशा वेळी पाय चोळणे हा तर उघड धोकाच. गुडघ्याखालच्या गुठळ्यांपैकी कित्येक आपोआप विरतात. काही मात्र मांडीकडे वाढत जातात आणि त्यांचा तुकडा सुटून फुप्फुसात अडकला तर जिवावर बेतते. कोणती विरेल व कोणती चढेल हे बाहेरून कळत नाही. म्हणून डॉपलर सोनोग्राफी करून एक तर दोन आठवडे पुनःपुन्हा पाहत राहावे लागते, नाही तर साधारणतः तीन महिने रक्त गोठण्यास अटकाव करणारे औषध घ्यावे लागते.

यांतले काय करावे हे डॉक्टरांनी ठरवावयाचे. प्रस्तुत लेखकाचा विषय अर्थशास्त्र आहे आणि या उपचाराचा खर्च कोणावर व कसा पडतो, एवढाच प्रश्न त्याच्या अधिकारात येतो.

ह्या औषधाचा जन्म गोठ्यात झाला असे म्हटले तरी चालेल. १९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेत कुजलेला वैरणचारा खाऊन गुरे रक्तस्रावाने मरू लागली. ते गवत आपल्या मेथीच्या कुळातले. विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल पॉल लिंक ह्यांच्या प्रयोगशाळेने त्यातले द्रव्य वेगळे काढले. पुढे त्याच जातीचे वॉरफरिन १९४८ मध्ये उंदीर मारण्यासाठी बाजारात आले आणि १९५४ साली माणसांसाठी मान्य झाले. १९५५ मध्ये हृदयविकाराचा झटका आलेल्या अध्यक्ष आयझेनहॉवर यांनाही ते देण्यात आले. वॉरफरिन आणि त्याचे भावंड असलेले असेनोकुमॅरॉल ह्या दोन्ही गोळ्या अत्यंत स्वस्त आहेत. मात्र त्यांचा गुण व अवगुण यांमधले अंतर फार थोडे. निरोगी माणसाचा आय.एन.आर. सुमारे १ असतो. गोळी चालू असताना तो बहुधा २ ते ३ च्या दरम्यान ठेवावा लागतो. खाली गेला तर गुठळी वाढते, वर गेला तर रक्तस्राव होतो. मेथी, पालक, शेपू यांचे खाण्यातले प्रमाण एकाएकी बदलले तरी तो हलतो. म्हणून प्रारंभी दर काही दिवसांनी आणि पुढे अधिक अंतराने रक्त तपासावे लागते.

खर्चाचा मुख्य भाग येथे आहे. मिरजेची वैद्यकीय कीर्ती डॉ. वॉनलेस यांच्या काळापासूनची, म्हणजे १८९४ सालच्या मिशन रुग्णालयापासूनची. १९६२ मध्ये तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. कराडलाही मोठे रुग्णालय उभे राहिले. परंतु जत, आटपाडी, माण, खटाव ह्या दुष्काळी तालुक्यांतल्या रुग्णाच्या दृष्टीने मिरज, कराड, सातारा म्हणजे अख्खा दिवस. आपण अर्थशास्त्राच्या तासाला ज्याला वैकल्पिक खर्च म्हणतो तो ह्याहून स्पष्ट कोठे दिसणार? रुग्णाची मजुरी बुडते, सोबत आलेल्या मुलाचीही बुडते, गुरांची पाहणी शेजाऱ्यावर पडते. २०२२ मध्ये राज्य सरकारने पंच्याहत्तरीपुढच्या नागरिकांना एस.टी.चा प्रवास मोफत केला आणि २०२३ मध्ये स्त्रियांना निम्मे भाडे केले. तिकीट वाचले ही गोष्ट चांगलीच झाली. दिवस मात्र वाचला नाही. (सुजलेला पाय तास न् तास लोंबता ठेवून बसणे हे त्या पायाला मानवत नाही, ते वेगळेच.) परिणामी कुटुंब काटकसर करते ती गोळीत नव्हे, तपासणीत. गोळी चालू राहते आणि मोजमाप थांबते. घरच्या हिशेबाने ही काटकसर तर्कशुद्धच आहे, म्हणून रुग्णाला अडाणी ठरवून प्रश्न सुटत नाही.

दुसरी काटकसर दुखण्यावरच्या इलाजात होते आणि ती अधिक घातक आहे. ‘रक्त पातळ करणारी गोळी’ हे नावच दिशाभूल करणारे आहे. ती रक्त पातळ करीत नाही, झालेली गुठळी विरघळवीतही नाही. फक्त गुठळी वाढू देत नाही. विरवण्याचे काम शरीर आपल्या गतीने करते. त्यामुळे औषध सुरू झाले तरी पहिले काही दिवस पोटरी ठणकतच राहते. औषध लागू पडत नाही असे समजून रुग्ण दुकानातून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन आणतो. ह्या जातीच्या गोळ्या जठराच्या अस्तराला इजा करतात व रक्तकणिकांचे कामही मंदावतात. एकीकडे जखम आणि दुसरीकडे न गोठणारे रक्त, असा योग जुळून येतो. गुठळीवर उपचार घेणाऱ्या आठ हजारांहून अधिक रुग्णांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात अशा वेदनाशामकांच्या काळात गंभीर रक्तस्रावाचे प्रमाण दुपटीहून अधिक आढळले.

म्हणून डॉक्टर सामान्यतः पॅरासिटामॉल सुचवितात. तेही बेताने, कारण पुष्कळ दिवस भरपूर घेतल्यास आय.एन.आर. त्यानेही वाढतो. बसताना-निजताना पाय उंच ठेवणे आणि झेपेल तेवढे चालणे ह्याला तर काहीच खर्च नाही. पण पाकिटावर पॅरासिटामॉलचे नाव आहे एवढ्यावर भागत नाही. त्याच गोळीत डायक्लोफेनॅक मिसळलेले असू शकते. हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर ते डॉक्टरांना सांगावे, परस्पर बंद करू नये. डायक्लोफेनॅक व आयब्युप्रोफेन चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम आहे. तो कितपत पाळला जातो हे वाचक जाणतातच. नियमाची अंमलबजावणी होईल तेव्हा होवो. तोवर काउंटरवरच्या माणसाने ‘रक्ताची गोळी चालू आहे का?’ एवढे विचारले तरी पुष्कळ झाले.

नव्या गोळ्यांनी ह्या हिशेबात पालट केला आहे. रिव्हारॉक्साबॅनसारख्या गोळ्यांना आय.एन.आर. मोजावा लागत नाही. त्याच्या मूळ पेटंटची मुदत भारतात २०२० च्या अखेरीस संपली, अनेक देशी कंपन्या उतरल्या आणि किंमत उतरली. बुडालेले दिवस जमेस धरले तर पाकिटावर महाग दिसणारी ही गोळी जतच्या रुग्णाला बहुधा स्वस्त पडेल. छापील किमतींचीच तुलना करणाऱ्यांच्या हे ध्यानात येत नाही. पण ती सर्वांना चालत नाही. मूत्रपिंडाचे काम पाहूनच ती द्यावी लागते आणि वेदनाशामकांचा धोका तिच्याबरोबरही तसाच राहतो. हृदयात धातूची झडप बसविलेल्यांना, किंवा संधिवाती तापाने ज्यांची झडप अरुंद झाली आहे त्यांना, जुन्याच गोळीवर राहावे लागते. हा रुग्ण बहुधा गरीब असतो, आणि त्याला हे तीन महिने नव्हे, आयुष्यभर करायचे असते.

त्याची सोय कोणी करावयाची? १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत उपचार व तपासण्या मोफत झाल्या. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये त्या निर्णयात नव्हती. म्हणजे तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात आय.एन.आर. नियमित होऊ लागला तर पैसा व दिवस दोन्ही वाचतील. उसाच्या पट्ट्यात घोणस चावलेल्या माणसाचे रक्त काचेच्या नळीत वीस मिनिटे ठेवून गोठते की नाही हे पाहण्याची साधी रीत डॉक्टरांच्या परिचयाची आहे. गोळीची मात्रा ठरविण्यास ती नळी पुरत नाही. त्याला यंत्र व रसायन लागते, पण ते काही मोठ्या शहराचेच मिरासदार नाही. बोटाच्या थेंबावर मोजणारी छोटी यंत्रेही निघाली आहेत. ही तपासणी आठवडेबाजाराच्या दिवशी ठेवावी, कारण त्या दिवशी घरातले कोणी ना कोणी तालुक्याला येतच असते.