वाळूच्या उड्या आणि बॅगनॉल्डसाहेब

समुद्रकिनाऱ्यावर जोराचा वारा सुटला की वाळू पायांना कशी टोचते, ठाऊक आहे ना? पण ती वाऱ्याबरोबर जाते कशी? धुळीसारखी तरंगत, की जमिनीवरून घरंगळत? हा प्रश्न मनाला लावून घेणारा माणूस कुणी प्राध्यापक नव्हता. तो होता ब्रिटिश लष्करातला अधिकारी, राल्फ बॅगनॉल्ड.

त्याचा जन्म १८९६ चा. पहिल्या महायुद्धात तो फ्रान्समधल्या चिखलानं भरलेल्या खंदकांत होता. युद्ध संपल्यावर केंब्रिजला इंजिनिअरिंग शिकला, पुन्हा लष्करात आला आणि पुढं त्याची नेमणूक इजिप्तला झाली. तिथल्या वाळवंटानं त्याला वेडच लावलं! रजा मिळाली की मित्र जमवायचे, फोर्ड मोटारी काढायच्या आणि नकाशावर जिथं नुसता कोरा कागद, तिथं घुसायचं.

आता त्याच्या युक्त्या बघा. उन्हात रेडिएटरमधलं पाणी उकळायचं आणि वाफ होऊन उडून जायचं. प्यायलाच पाणी बेताचं, मग गाडीला कुठून आणणार? त्यानं ती वाफ नळीनं बाहेरच्या एका डब्यात सोडली. डब्यात थोडं पाणी असायचं, त्यात वाफेचं परत पाणी व्हायचं. इंजिन गार झालं की रेडिएटरमधली उरलेली वाफ आकसायची आणि डब्यातलं पाणी त्याच नळीतून आपोआप वर ओढलं जायचं. एक थेंब वाया नाही!

गाडीच्या लोखंडामुळं होकायंत्राची सुई भरकटायची. म्हणून त्यानं अंशांच्या खुणा केलेल्या तबकडीवर मधोमध एक काडी उभी केली. तिच्या सावलीवरून दिशा कळायची. सूर्य सरकेल तशी तबकडीही थोडी थोडी फिरवायची, एवढंच.

१९३५ मध्ये निवृत्त झाल्यावर त्यानं लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात वाऱ्याचा बोगदा उभारला. आत वाळू पसरायची, वारा सोडायचा आणि काचेतून डोळे लावून बसायचं. दिसलं काय? कण उड्या मारत होते! वारा कणाला पुढं रेटतो, कण खाली आपटतो, आणि गोटीनं गोट्या उडाव्यात तसे आणखी कण उडवतो. पण वाळू जड, म्हणून फार वर जात नाही. खऱ्या वाळूच्या वादळात उभ्या माणसांची डोकी आणि खांदे वर चक्क मोकळे दिसतात. आकाश झाकोळून टाकते ती धूळ.

तेवढ्यात दुसरं महायुद्ध आलं आणि बॅगनॉल्डला परत बोलावणं आलं. लिबियात इटलीचं सैन्य होतं. एवढा मोठा वाळूचा समुद्र ओलांडून कुणी येईल, हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. १९४० मध्ये त्यानं ‘लाँग रेंज डेझर्ट ग्रुप’ उभा केला. शत्रूच्या पार पाठीमागं जाऊन बातम्या काढणं हे या पथकाचं मोठं काम. मला मात्र थक्क करतं ते पुढचं: युद्ध पेटलेलं असतानाच, १९४१ मध्ये, वाळूवरचं त्याचं पुस्तकही छापून आलं. वाऱ्यानं उडणाऱ्या वाळूचा अभ्यास करणारे आजही ते उघडतात.

मंगळावर वाळूच्या टेकड्या दिसल्या, तेव्हा ऐंशी ओलांडलेल्या बॅगनॉल्डला अमेरिकेच्या ‘नासा’नं १९७७ मध्ये भाषणाला बोलावलं. तो १९९० मध्ये गेला. २०१५ मध्ये ‘क्युरिऑसिटी’ गाडी मंगळावरच्या ज्या टेकड्यांपाशी पोहोचली, त्यांना शास्त्रज्ञ ‘बॅगनॉल्ड ड्यून्स’ म्हणतात. तिथं वाळूवर सुमारे तीन-तीन मीटर अंतरानं लहरी उमटलेल्या दिसल्या. आपल्या वाळवंटातल्या साध्या लहरींपेक्षा त्या कितीतरी मोठ्या. त्या कशा घडतात, यावर शास्त्रज्ञांचा वाद अजून चालूच आहे.