स्तनाचा कॅन्सर, हार्मोन आणि पाच वर्षांची गोळी

परभणीहून छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात गेलेल्या बाईच्या हाती बायोप्सीचा रिपोर्ट पडतो: ‘ईआर पॉझिटिव्ह, पीआर पॉझिटिव्ह, हर-२ निगेटिव्ह’. करोनापासून पॉझिटिव्ह म्हणजे वाईट, हे मनात पक्कं बसलंय, म्हणून घरच्यांच्या पोटात गोळा येतो. इथे गोष्ट उलटी आहे. ईआर म्हणजे पेशीतलं इस्ट्रोजेन हार्मोन धरणारं प्रथिन, पीआर म्हणजे तसंच प्रोजेस्टेरॉन धरणारं; हर-२ हे पेशीच्या वाढीशी निगडित वेगळं प्रथिन. ईआर सापडलं, म्हणजे गाठ हार्मोनवर पोसली जातेय आणि तिची रसद तोडणारी गोळी आपल्याकडे आहे.

‘आमच्या घराण्यात कुणालाच नाही, मग हिला कसा?’ हाही नेहमीचा प्रश्न. आईवडिलांकडून आलेल्या जनुकदोषामुळे होणारे स्तनाचे कॅन्सर जेमतेम ५ ते १० टक्के. बाकीच्यांच्या घरात आधी कुणी आजारी असायलाच हवं असं नाही.

जनुक बिघडलं की कॅन्सर, एवढंच अनेकांना माहीत असतं. पण कोणतं जनुक चालू राहणार आणि कोणतं बंद, हे ठरवणारे एन्झाइम वेगळेच असतात. त्यांना एपिजेनेटिक एन्झाइम म्हणतात. एकेका पेशीत सुमारे २ मीटर डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. मानवत-सेलूच्या जिनिंगमध्ये दाबून बांधलेल्या गाठीतून कापूस सहज उपसता येत नाही, तसं घट्ट गुंडाळलेलं जनुक पेशीला वाचता येत नाही. पी३०० हा एन्झाइम ती गुंडाळी सैल करतो, एचडीएसी पुन्हा आवळतो. इस्ट्रोजेन धरलेला ईआर डीएनएवर बसतो आणि पी३०० ला बोलावतो. पेशींची वाढ करणारी जनुकं उघडतात. टॅमॉक्सिफेन ही रसद तोडणारी गोळी ईआरवरची इस्ट्रोजेनची जागा अडवते. मग तोच ईआर एचडीएसीला बोलावतो आणि जनुकं मिटतात. म्हणजे जुनी, स्वस्त टॅमॉक्सिफेनची गोळी या एन्झाइमांनाच कामाला लावते! मला तरी या आजारातली ही सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते.

याचाच गैरफायदा घेऊन काही जण सांगतात, ‘एपिजेनेटिक बदल उलटवता येतात, अमुक काढा घ्या.’ बदल उलटतात हे खरं, पण गाठीत ते नेमके उलटवणं फार अवघड. एंटिनोस्टॅट हे एचडीएसी रोखणारं, म्हणजे गाठीत चुकीनं मिटलेली जनुकं उघडू पाहणारं, औषध ६०८ रुग्णांच्या मोठ्या चाचणीत आयुष्य वाढवू शकलं नाही. तो निष्कर्ष २०२१ मध्ये आला. त्याच जातीच्या टुसिडिनोस्टॅटला चीनने २०१९ मध्ये पसरलेल्या हार्मोन-पॉझिटिव्ह कॅन्सरसाठी मान्यता दिली, तीही एक्झेमेस्टेन या गोळीच्या जोडीनं. इतकी पारखलेली औषधं अडखळतात, तिथे काढ्याच्या भरवशावर उपचार सोडणं म्हणजे जिवाशी खेळ.

‘गाठ काढली, केसही परत आले, आता गोळी कशाला?’ हा गैरसमज सगळ्यांत घातक. ईआर पॉझिटिव्ह बायकांनी पाच वर्षं टॅमॉक्सिफेन घेतलं, तर पुढच्या पंधरा वर्षांत या कॅन्सरनं होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं घटतात. पाळी गेलेल्यांना बहुधा लेट्रोझोल किंवा अ‍ॅनास्ट्रोझोल या हार्मोनविरोधी गोळ्या देतात. अंगातून वाफा येतात, सांधे दुखतात, हा त्रास खरा आहे. टॅमॉक्सिफेनवर असताना पाळी गेल्यावरही रक्तस्राव झाला तर लगेच दाखवा. पण गोळी आपल्या मनानं बंद करू नका. जिंतूर-गंगाखेडहून दर महिन्याला जाणं जमत नसेल, तर डॉक्टरांना तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम लिहून द्यायला सांगा.