नव्या टाकीतले मासे आणि न दिसणारं विरजण



आजचा विषय जरा वेगळा आहे. घरात नवी माशांची टाकी आणली, मासे सोडले, आणि आठ-पंधरा दिवसांत ते एकेक करून मेले, असं कितीतरी घरांत होतं. ते का होतं आणि कसं टाळायचं, हे आज सांगणार आहे. शिकले मी माझ्याच चुकीतून.

दिवाळीत लेकीने हट्ट धरला, म्हणून आमच्या पडेगावच्या घरी दोन फुटी टाकी आली. त्याच दिवशी चार गोल्डफिश आणि सहा मॉली आणून सोडले. चौथ्या-पाचव्या दिवशी मासे पाण्याच्या वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले. पाणी घाण झालं असेल म्हणून मी सगळं पाणी फेकलं, भांडी घासायच्या साबणाने टाकी लख्ख केली, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून पिळून धुतला आणि नळाचं ताजं पाणी भरलं. त्या आठवड्यात सात मासे गेले. शेजारच्या काकू म्हणाल्या, नजर लागली. लेक दोन दिवस नीट जेवली नाही.

नजर वगैरे काही नव्हतं, बायांनो. नडली ती माझी स्वच्छता.

मासा खातो, पाण्यातच घाण करतो, पाण्यातच श्वास सोडतो. त्या घाणीतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. गोठ्यात मुताचा वास नाकात झोंबतो ना, तोच हा. आपण गोठ्यातून बाहेर येऊ शकतो, मासा टाकीतून कुठे जाणार? त्याचे कल्ले भाजल्यासारखे होतात. पाणी दिसायला मात्र अगदी नितळ असतं.

नदी-तळ्यात हा अमोनिया खाणारे बारीक जिवाणू असतात. एक जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच, कारण त्याने माशाच्या रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही. दुसऱ्या जातीचे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. ते थोडं असेल तर माशाला फारसं बाधत नाही, आणि झाडांचं तर ते अन्नच. आपण शेतात युरिया टाकतो, तेव्हा मातीतही असंच काम चालतं.

नव्या टाकीत हे जिवाणू जवळजवळ नसतात. नुसतं दूध ठेवून दही लागत नाही, विरजण लागतं, तसंच हे. हे विरजण स्पंजवर, खडीवर, काचेवर चिकटून वाढतं आणि पुरेसं व्हायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. थंडीत आणखी उशीर. मी घासूनपुसून, साबण लावून जे थोडंफार जमलं होतं तेही घालवलं, आणि नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने उरलंसुरलं मारलं.

मासे आणण्याआधी टाकी तयार करणं सगळ्यात चांगलं. पण मासे आधीच टाकीत असतील तर हे करा.

पहिलं, खाणं कमी करा. दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. एखादा दिवस काहीच दिलं नाही तरी धडधाकट मासा मरत नाही. उरलेलं खाणं मात्र कुजून विष होतं.

दुसरं, थोडं थोडं पाणी बदला. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत साधारण ५० लिटर पाणी बसतं. त्यातलं पाव, म्हणजे १२ लिटर, पहिले काही आठवडे दिवसाआड काढा आणि तेवढंच नवं घाला. मासे वर येऊन धापा टाकत असतील तर रोज बदला. दुकानात अमोनिया तपासायचे थेंब मिळतात. रंग डबीवरच्या पट्टीशी ताडून बघा. अमोनिया दिसला की पाणी बदलायची वेळ झाली.

तिसरं, नळाचं पाणी तसंच ओतू नका. उघड्या बादलीत दिवस-रात्र ठेवा, किंवा दुकानातलं अँटीक्लोरीन डबीवर लिहिलंय तेवढंच घाला. बोअरचं पाणी असेल तर अमोनियावर जास्त लक्ष ठेवा. आपल्याकडचं बोअरचं पाणी बहुधा जड आणि क्षाराचं असतं, आणि तशा पाण्यात अमोनिया जास्त जहरी होतो.

चौथं, फिल्टर रात्रंदिवस चालू ठेवा. जिवाणूंनाही हवा लागते. स्पंज तुंबला तर टाकीतून काढलेल्या पाण्यात हलका हलवून घ्या. साबण नको, नळाची धार नको.

पाचवं, ओळखीत कुणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्या स्पंजचा तुकडा ओलाच आणून आपल्या फिल्टरमध्ये ठेवा. हेच खरं विरजण. याने बरेच दिवस वाचतात.

दोन-तीन आठवड्यांनी अमोनिया उतरतो आणि नायट्राइट चढतं. तेव्हा आता सगळं ठीक झालं असं समजून नवे मासे आणू नका. पाणी बदलत राहा. १० लिटरला अर्धा चहाचा चमचा मीठ घातलं तर गप्पी, मॉली, गोल्डफिश यांना नायट्राइटचा त्रास कमी होतो. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही आठवडाभर शून्य राहिले की टाकी लागली. मग दोन-दोन करून मासे वाढवा.

आमचे उरलेले तीन मासे असे जगले. नळाला कितव्या दिवशी पाणी येईल याचा आपल्याकडे भरवसा नाही, म्हणून टाकीतून काढलेला थेंबही मी वाया घालवला नाही. अळूला आणि मोगऱ्याला घातलं. मीठ घातलेलं पाणी तेवढं कुंडीत घालू नका.

गटातल्या बहिणींना शेवटी एक सांगते. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना २०२० साली सुरू झाली. तिच्यात शोभेच्या माशांच्या व्यवसायासाठी महिलांना खर्चाच्या ६० टक्क्यांपर्यंत अनुदानाची तरतूद ठेवली होती. कुणाच्या मनात असेल तर जरूर चौकशी करा. पण गटाचं कर्ज उचलून एकदम दहा टाक्या भरू नका. आधी एकच टाकी घ्या, चार गप्पी सोडा आणि दोन महिने सांभाळून दाखवा. त्या एका टाकीतला स्पंज पुढच्या नऊ टाक्यांना विरजण पुरवेल. घाईने भरलेल्या दहा टाक्या रिकाम्या झाल्या, तरी हप्ता मात्र दर महिन्याला येईल.