बाहुलीपुढे गुडघे टेकणाऱ्या सिस्टर

वीस-वीस वर्षे वॉर्ड सांभाळलेल्या सिस्टर जमिनीवर गुडघे टेकतात, एका बाहुलीच्या छातीवर हात रोवतात आणि मोठ्याने मोजू लागतात: एक, दोन, तीन... बाहुली डोळे मिटून किंचित हसत असते. सीपीआर शिकवण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या बाहुल्यांत सर्वांत प्रसिद्ध असलेली ही रेससी ॲन.

तिचा चेहरा पॅरिसचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सीन नदीत एका अनोळखी तरुणीचा मृतदेह सापडला आणि शवागारातल्या कुणीतरी भुरळ पडून तिचा प्लास्टरचा मुखवटा उतरवून घेतला, अशी आख्यायिका आहे. ती खरी मानणे कठीण. बुडालेल्या माणसाचा चेहरा फुगतो. हा तर झोपेत हसणाऱ्या मुलीचा वाटतो. एखाद्या जिवंत मुलीवरूनच तो घेतला असावा. एवढे मात्र नक्की, की त्याच्या प्रती युरोपातल्या कितीतरी घरांच्या भिंतींवर लागल्या. त्यांपैकीच एक नॉर्वेतल्या आस्मुंड लेर्डाल यांनी नातेवाइकांकडे पाहिली होती.

लेर्डाल हे स्टाव्हांगर गावचे खेळणी तयार करणारे कारखानदार. त्यांचा लहानगा मुलगा एकदा बुडता बुडता वाचला होता आणि त्याला पाण्यातून काढणारे वडीलच होते. तोंडाने श्वास देण्याचा उपाय परिणामकारक आहे हे डॉ. पीटर साफार यांनी अमेरिकेत १९५०च्या दशकात दाखवून दिले. तो शिकवायला बाहुली हवी होती आणि मऊ प्लास्टिकच्या कामात लेर्डाल यांचा हात बसलेला होता. १९६० साली ॲन तयार झाली. डोके मागे कलवून हनुवटी उचलली नाही, तर तिच्या छातीत हवाच जात नसे. चूक झाली हे बाहुलीच सांगे, शिक्षकाला बोलावे लागत नसे! त्याच वर्षी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या संशोधकांनी छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवता येते हे प्रसिद्ध केले आणि साफार यांच्या सूचनेवरून ॲनच्या छातीत स्प्रिंग बसली.

पण शिकलेली सिस्टर पुन्हा शिकायला का येते? एक तर नियम बदलतात. २००० साली शिकलेल्यांनी १५ दाब आणि २ श्वास असे पाठ केले. २००५मध्ये त्याचे ३० आणि २ झाले. २०१०मध्ये क्रमच उलटला: आधी श्वासमार्ग पाहायचा, ती पद्धत गेली आणि प्रौढांसाठी आधी छाती दाबणे आले. २०१५मध्ये दाबाची खोली ५ ते ६ सेंटिमीटर आणि वेग मिनिटाला १०० ते १२० असा ठरला. जुन्या सवयीचा हात जुन्याच क्रमाने चालतो, त्यात सिस्टरचा दोष नाही.

दुसरे कारण अधिक मोलाचे आहे. हात विसरतो. साध्या वॉर्डात हृदय बंद पडण्याचे प्रसंग एकेका परिचारिकेच्या वाट्याला क्वचित येतात, त्यामुळे सराव होत नाही. प्रशिक्षणानंतर ३ ते ६ महिन्यांत हे कौशल्य ओसरू लागते, असे अभ्यासांतून वारंवार दिसले आहे. दाब उथळ पडतात, वेग चुकतो, आणि आपल्याला येते ही खात्री मात्र तशीच राहते. रुग्णाच्या दृष्टीने धोका या खात्रीतच आहे.

आपल्याकडे भारतीय परिचर्या परिषदेने नोंदणीच्या नूतनीकरणासाठी दर ५ वर्षांत १५० तासांच्या निरंतर शिक्षणाची अट घातली आहे. वर्षाला सरासरी ३० तास. नाइट ड्युटी उतरून, डोळे चोळत ते पुरे करणाऱ्या सिस्टरांना ही अट जाचक वाटली तर नवल नाही. त्यातले काही तास व्याख्यानांऐवजी बाहुलीपुढे गेले, तर ते अधिक उपयोगी पडतील असे मला वाटते.

परदेशांतल्या काही रुग्णालयांनी आता दीर्घ कार्यशाळेऐवजी दर ३ महिन्यांनी काही मिनिटांचा सराव ठेवला आहे. बाहुलीला जोडलेले यंत्र लगेच सांगते, दाब किती खोल गेला, छाती पूर्ण वर आली की नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या नेहमीच्या प्रमाणपत्राची मुदत मात्र २ वर्षांची आहे.