दर पावलाला धानाचे दोन कट्टे

भंडाऱ्यात पहाटे कारध्याच्या पुलाकडे निघालं की पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं भेटतात. त्यांना 1600 मीटरची वेळ कमी करायची असते. काहींच्या पायात कापडी बूट, काही चक्क अनवाणी. चवड्यावर हलकेच उतरतात, आवाजही येत नाही. माझं वजन 92 किलो, आणि माझं पाऊल टाचेवर पडतं. त्या पोरांकडे पाहूनच मी गेल्या हिवाळ्यात जाड टाचेचे बूट ठेवून दिले आणि पातळ, सपाट तळाचे, दोनशे ग्रॅमच्या आतले बूट घेतले.

तिसऱ्या आठवड्यात पोटऱ्या इतक्या भरून आल्या की जिना उतरवेना. चवड्यावर, दुसऱ्या बोटाच्या मागे, एका ठिकाणी दाबलं की दुखू लागलं. एरवी कुरकुरणारा गुडघा मात्र शांत होता. दुखण्यानं जागा का बदलली?

हार्वर्ड विद्यापीठाच्या डॅनियल लीबरमन यांनी 2010 मध्ये 'नेचर'मध्ये दाखवलं की सवयीनं अनवाणी धावणारे बहुधा चवड्यावर उतरतात. घोटा स्प्रिंगसारखा दबतो आणि टाच आपटताना बसणारा पहिला झटका जवळजवळ नाहीसा होतो. इथपर्यंतचं सगळ्यांना माहीत झालं. पण झटका गेला तरी भार जात नाही. पाऊल पूर्ण टेकलेलं असताना धावणाऱ्याच्या एका पायावर वजनाच्या सुमारे अडीचपट भार येतोच. पातळ बुटात त्यातला गुडघ्याचा वाटा कमी होऊन पोटरी, टाचेमागची जाड शीर आणि चवड्याची हाडं यांच्याकडे जातो.

आता हिशेब करू. 60 किलोच्या पोराच्या पायावर 150 किलो, माझ्या पायावर 230. फरक 80 किलोंचा, म्हणजे आधारभूत केंद्रावरचे 40 किलोचे धानाचे दोन कट्टे, दर पावलाला जास्तीचे. माझ्या चालीनं पाच किलोमीटरमध्ये एकेक पाय सुमारे 3300 वेळा टेकतो.

ऑस्ट्रेलियातल्या जोएल फुलर आणि सहकाऱ्यांनी 61 धावपटूंना 26 आठवडे पाहिलं; काहींना नेहमीचे बूट, काहींना पातळ. 2017 मध्ये आलेला निष्कर्ष माझ्यासारख्यांनी नीट वाचावा असा आहे. वजन 71 किलोंच्या वर गेलं की पातळ बुटातला दुखापतीचा धोका वाढत गेला, आणि 86 किलोंच्या आसपास तो नेहमीच्या बुटांपेक्षा बराच जास्त झाला. म्हणून जाडच जाड गादी घ्यावी असंही नाही. लक्झेंबर्गमध्ये आठशेहून जास्त धावपटूंवर झालेल्या अभ्यासात मऊ तळाचा फायदा दिसला तो मुख्यतः हलक्या धावपटूंना.

खरी अडचण हाडांच्या वेळापत्रकाची आहे. धावताना हाडात सूक्ष्म चिरा पडतात. शरीर आधी तिथलं जुनं हाड काढून टाकतं, मग नवं भरतं. फुटलेल्या धुऱ्याची भुसभुशीत माती काढून नवी दाबतात, तसंच. या कामाला तीन-चार महिने लागतात आणि मधल्या काळात ती जागा आधीपेक्षा कमकुवत असते. स्नायू मात्र काही आठवड्यांतच सरावतात. म्हणून जमतंय असं वाटून अंतर वाढवलं जातं, नेमकं हाड कच्चं असताना. प्रशियाच्या सैनिकांचे कूच करून सुजलेले पाय ब्राइटहाउप्ट या लष्करी डॉक्टरनं 1855 मध्ये नोंदवले, ते हेच दुखणं. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे ही चीर एक्स-रेमध्येही बहुधा दिसत नाही, त्यामुळे 'काही नाही' असा अहवाल आला तरी दुखत असेल तर थांबावं.

मग अनवाणी पोरांना का त्रास होत नाही? एक तर वजन. दुसरं, त्यांचे पाय लहानपणापासून घडले आहेत. कर्नाटकात 2300 मुलांच्या पायांचे ठसे घेऊन राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी 1992 मध्ये दाखवलं की पादत्राणं वापरणाऱ्यांत सपाट पाय 8.6 टक्के, तर अनवाणी वाढणाऱ्यांत 2.8 टक्के. रोवण्याच्या दिवसांत बांधीच्या चिखलात वावरलेलं पाऊल आणि शाळेपासून बुटात कोंडलेलं माझं पाऊल यांत वर्षानुवर्षांचं अंतर आहे. ते तीन आठवड्यांत भरून निघेल हे मी मानलं, हीच चूक.

दोन महिने थांबून पुन्हा सुरुवात केली. धावणं जुन्याच बुटांत. पातळ बूट आठवड्यातून दोनदा, एकच किलोमीटर, कालव्याकाठच्या मातीवर. रोज पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली करतो आणि संध्याकाळी धुऱ्यावरून अनवाणी चालतो. सकाळी चवड्यावरचं ते ठिकाण बोटानं दाबून पाहतो. दुखलं तर त्या दिवशी पातळ बूट घरीच राहतात.